धुक्याच्या वह्या

६ मार्च २०१७

ताई,

तुझा फोन लागत नाही आणि ई-मेल परत येते, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी तो हातात घ्यावा लागतो.

इकडे सगळं ठीक. छपराची फुटकी कौलं बदलून घेतली. मागच्या अंगणातल्या कोंबड्या देऊन टाकल्या. एकटीला रोज चार-चार अंडी म्हणजे अतीच होत होतं. जानेवारीत आईच्या नावाची प्रार्थना झाली, दुसऱ्या वर्षाची. सतरा माणसं आली होती. शेजारच्या ब्लांकाकाकूंनी विचारलं, थोरली यंदाही नाही का आली? मी म्हटलं, तिला तिकडे कामं असतात. आईला माती द्यायला जी आली नाही ती प्रार्थनेला कशी येईल, हे मनातच ठेवलं.

आमचा विद्यार्थी कल्याण कक्ष आता ग्रंथालयाच्या तळमजल्यावर आहे. तू होतीस तेव्हा नऊ हजार मुलांना आम्ही दोघी समुपदेशक होतो, आता पाच जण आहोत. संशोधनासाठी डोंगरावर किंवा कुठल्या आडजागी राहणाऱ्या मुलाला दहा दिवसांपेक्षा जास्त एकटं ठेवायचं नाही, असा नियम झाला आहे. तो मी लिहिला. मागच्या वर्षी त्याबद्दल कुलगुरूंनी मला पितळेची पाटी दिली. ती कपाटात आहे.

पण हे सांगायला मी बसले नव्हते. काम आहे.

युरानी परत आली आहे. युरानी तिबादुइसा, तुझी विद्यार्थिनी. फेब्रुवारीत तिने पुन्हा नाव नोंदवलं. प्रबंध द्यायची तिची मुदत नोव्हेंबरअखेर संपते आणि ती पुन्हा वाढणार नाही. गावाच्या तळ्यात पावसाचं पाणी किती आणि धुक्याचं किती, हा विषय तूच तिला दिला होतास. त्यासाठी तिने दोन वर्षं वर पारामोवर, त्या बिनझाडांच्या गारठ्यात, सकाळ-संध्याकाळ धुक्याचं पाणी धरणाऱ्या जाळ्यांखालच्या बाटल्या मोजल्या. संगणकात पहिल्या आठ महिन्यांचेच आकडे सापडतात. बाकी सगळं सहा वह्यांत आहे, आणि त्या वह्या जाताना तू चिलीला घेऊन गेलीस. तिचे नवे मार्गदर्शक डॉ. फाहार्दो म्हणतात, वह्यांशिवाय प्रबंध नाही.

चौकशी समितीच्या आदेशामुळे ती तुला लिहू शकत नाही आणि तू तिला. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे. वह्या पाठव.

ओतिलिया


२२ एप्रिल २०१७

ताई,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो मला बघून आधीच मान हलवायला लागला.

युरानी कशी दिसते, हे तू विचारलं नाहीस, पण सांगते. केस कापले आहेत. डावा पाय किंचित ओढते, त्या पायाची दोन बोटं गेली ना. कक्षाच्या दारात ती आली तेव्हा माझी पाठ होती. पावलांच्या आवाजावरूनच माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

त्या दिवसाबद्दल ती अजूनही एकच वाक्य बोलते. इस्पितळात बोलली होती तेच. ‘पाणी कुठून येतं ते बघायला निघाले होते.’ अंगातली लोकरीची रुआना खुंटीला, बूट दारात नीट जोडीने लावलेले, आणि ही मोजे घालून धुक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय शोधायला निघालेल्या गुराख्याला सापडली नसती तर आज हे पत्र लिहायची वेळच आली नसती. लोकांना बोलतं करायचं शिक्षण मी घेतलं आहे. तीस वर्षं तेच करते. तिला मात्र अजून काही विचारलेलं नाही.

वसतिगृहात जागा नव्हती. मी तिला आईची खोली दिली आहे. तुला राग येईल, येऊ दे. पलंग तसाच आहे, फक्त कपाटातले आईचे कपडे पेटीत घातले. युरानी सकाळी गुळाचं पाणी उकळते आणि उभ्याउभ्याच पिते. मी म्हटलं, खुर्च्या काय फक्त बघायला ठेवल्यात? तर म्हणाली, वर मोजणीच्या ठाण्यावर बसलं की थंडी जास्त वाजायची, तीच सवय राहिली. आता बसते. टेबलावर दोन बश्या मांडताना पहिले काही दिवस माझा हात चुकायचा, एकच बशी यायची. ती उठून दुसरी घ्यायची.

परवा भांडी घासताना तिने विचारलं, ‘बाई, डॉक्टर लेओनोर माझ्यावर रागावल्या असतील का?’

‘तुझ्यावर कशाला?’

‘माझ्यामुळे नोकरी गेली त्यांची.’

मी म्हटलं, तिची नोकरी तिच्या स्वभावामुळे गेली, तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यावर तिने एकच कप दोनदा घासला.

वह्या पाठव, ताई. हे तिच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही.

ओतिलिया


९ जून २०१७

ताई,

तीन महिने झाले. तुझ्या घराचं दार ठोठावून कोणी मेलं तरी तू आतून कडी काढणार नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण इथे दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य अडलं आहे. डॉ. फाहार्दोंनी सांगितलं, सप्टेंबरपर्यंत आकडे हातात आले नाहीत तर ते आपलं नाव काढून घेणार. गावाला पाणी कुठून मिळतं हे शोधायला ती मुलगी अर्धमेली झाली, आणि तू त्या वह्या कुठल्या तरी कपाटात घालून बसली आहेस. कशासाठी? कोणावर सूड उगवतेस? माझ्यावर उगवायचा असेल तर माझ्यावर उगव.

मागच्या आठवड्यात तिची आई आली होती, एवांहेलीनाबाई. पहिली बस पकडून आल्या. अर्धं पोतं बटाटे, केळीच्या पानात बांधलेलं ताजं चीज. स्वयंपाकघरात बसल्या, पण रुआना काढली नाही. मुलगी दिवसा झोपते का, जेवते का, रडते का, सगळं विचारून घेतलं. मग तुझा विषय निघाला. मीच काढला. मी म्हटलं, माझ्या बहिणीने तुमच्या मुलीचे फार हाल केले, तिच्या वतीने मी माफी मागते.

त्या म्हणाल्या, ‘तुमच्या बहिणीने माझ्या पोरीला बैलासारखं जुंपलं, हे खरंच आहे. पण एकोणीस दिवस इस्पितळाच्या पायरीवर बसून राहिली तीसुद्धा तीच. आत सोडत नव्हते, तरी रोज डबा घेऊन यायची. बाकीचे फुलं ठेवून गेले.’

फुलं ठेवून गेलेल्यांत मी होते, हे त्यांना आठवत नसावं. की असावं.

तू रोज इस्पितळात जात होतीस, हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस. तू कधी काही सांगतेस? समितीसमोरही दगडासारखी बसलीस. विचारलं तेवढ्याला हो आणि नाही. आणि मी काय सांगितलं, तर जे खरं होतं तेच. सोबतची मुलगी सोडून गेली तरी तू दुसरी पाठवली नाहीस. युरानीला अकरा आठवडे एकटीला वर ठेवलंस. घरीही तू आजारपणाला आळसच म्हणायचीस. थंडीने कोणी मरत नाही, कंटाळ्याने मरतं, हे तुझंच वाक्य ना? तेच मी तिथे सांगितलं. खोटं मी काहीच बोलले नाही.

आता तरी वह्या पाठव. नाहीतर सरळ नाही म्हणून लिही, म्हणजे त्या मुलीची रोज पोस्टमनकडे डोळे लावून बसण्यातून सुटका होईल.

ओतिलिया


३० जुलै २०१७

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं की खोटं मी काहीच बोलले नाही. ते पत्र पेटीत टाकल्यावर मला वाटलं होतं की आता सुटले. सुटले नाही.

गुरुवारी कक्षात नव्या समुपदेशकांचं प्रशिक्षण होतं. मीच शिकवत होते. दारात आलेलं मूल म्हणजे अर्धं काम झालं, कारण दारापर्यंत येणंच सगळ्यात अवघड असतं, वगैरे. दरवर्षी हेच बोलते. युरानी मदतीला आली होती, मागच्या बाजूला कॉफीचे पेले लावत होती. एका तरुण मुलीने हात वर केला. भाबडी, बोगोत्याहून आलेली. युरानी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, ‘बाई, ज्या प्रकरणावरून हे सगळे नियम झाले, ती मुलगी आधी कधी कक्षात आली होती का?’

मी म्हटलं, ‘नाही.’

ताई, युरानी तिथेच उभी होती. माझ्यापासून सहा पावलांवर. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पेले लावायला लागली. घरी आल्यावर बटाट्याचं सार केलं, मला वाढलं, उद्या पाऊस आहे म्हणाली. दुसरं काही नाही.

आज रविवार. ती आईकडे गेली आहे. घरात कोणी नाही आणि मी हे लिहिते आहे. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एकदमच लिहिते.

ती आली होती. २३ सप्टेंबर २०१४, मंगळवार, दुपारी बाराच्या सुमाराला. ठाण्यावर न्यायचं सामान घ्यायला खाली उतरली होती. पाठीवर तांदळाची पिशवी, बुटांना चिखल. दारातच उभी राहिली, आत माझी फरशी घाण होईल म्हणून. म्हणाली, मला कोणाशी तरी बोलायचं आहे, वर आवाजच येत नाही. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, माझाच आवाज मला येत नाही.

माझ्या नोंदवहीत गुरुवारची दहाची वेळ रिकामी होती. एका मुलाने सकाळीच रद्द केली होती. दोन दिवसांत तिला बोलावता आलं असतं. मी विचारलं, तुझे मार्गदर्शक कोण? ती म्हणाली, डॉक्टर लेओनोर.

आदल्या रविवारी तू आणि मी आईवरून भांडलो होतो. तू म्हणाली होतीस, ‘ओती, जगाच्या पोरांचं रडणं ऐकायला तुला वेळ आहे, आईला ऊन दाखवायला नाही.’ ते माझ्या डोक्यात ठणकत होतं. आणि मला वाटलं, तुझी मुलगी आहे ना? थांबू दे तिला. तुझ्या माणसांनी माझ्या दारात ताटकळावं, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं. पानं उलटून मी तिला १४ ऑक्टोबर दिली. तीन आठवड्यांनंतरची. ती धन्यवाद म्हणाली आणि पिशवी सावरत गेली. नऊ तारखेला बूट दारात ठेवून ती निघून गेली.

समितीने कक्षाची नोंदवही मागितली तेव्हा मी ती नव्याने लिहून काढली, सगळी, माझ्या अक्षरात. ती एक ओळ सोडून. जुनी स्वयंपाकघरातल्या चुलीत घातली. समितीने विचारलं, विद्यार्थिनी मदत मागायला आली होती का? मी म्हटलं, नाही. मग तुझ्या स्वभावाबद्दल विचारलं, त्यावर मी पाऊण तास बोलले.

अकरा आठवड्यांचा दोष तुझाच आहे. तो मी तुझ्यावरून काढून घेत नाही. पण निकालपत्रात ‘सर्वस्वी’ असा शब्द होता. तो खोटा होता आणि तो माझ्यामुळे आला.

आणखी एक. आई शनिवारी गेली. सोमवारी माती दिली. तुला मी मंगळवारी कळवलं. खड्ड्याच्या काठावर तुझ्या शेजारी उभं राहायची माझी छाती झाली नाही. ब्लांकाकाकूंना वाटतं तू आली नाहीस. दोन वर्षं मी त्यांना तसंच वाटू दिलं.

वह्यांचं काय करायचं ते तू ठरव.

ओती


५ सप्टेंबर २०१७

ताई,

पार्सल काल आलं. मेणकापडात गुंडाळलेल्या सहा वह्या, वर माझं नाव, तुझं अक्षर. चिठ्ठी शोधली. प्रत्येक वही उलटी धरून झटकली. नाही.

युरानी ग्रंथालयात होती. ती यायच्या आत वह्या टेबलावर नीट मांडून ठेवाव्यात, म्हणून मी सहावी उघडली. धुक्याने पानं फुगली आहेत, कोपऱ्यांना बुरशी. तारीख, वेळ, पाऊस इतका, जाळीचं पाणी इतकं, वारा कुठून. प्रत्येक पानाच्या खाली तुझी सही आणि तारीख, तू तपासल्याची. तू सगळ्यांच्याच वह्यांवर असं करायचीस. मुलं त्याला चिडायची.

२५ सप्टेंबरच्या पानावर आकड्यांच्या बाजूला, लहान अक्षरात: ‘मंगळवारी खाली कल्याण कक्षात गेले. ओतिलियाबाईंनी १४ ऑक्टोबर दिली. वीस दिवस. मोजता येतील.’

त्या ओळीखाली तुझ्या लाल पेन्सिलची रेघ आहे. आणि पानाखाली सही. १२ ऑक्टोबर २०१४.

मी खुर्चीवर बसले. समिती बसली ५ नोव्हेंबरला. म्हणजे मी तिथे पाऊण तास बोलत होते तेव्हा तुला माहीत होतं. मी ‘नाही’ म्हटलं तेव्हा तू माझ्यासमोर तीन हातांवर बसली होतीस आणि तुला माहीत होतं. मला वाटलं होतं तू आढ्यतेने गप्प आहेस. वह्या दाखवल्या असत्यास तर तुझी नोकरी वाचली असती, निदान तो शब्द तरी गेला असता. तू त्या पिशवीत घातल्यास आणि देश सोडून निघून गेलीस. गेले सहा महिने मी तुला शिव्या घालून मागत होते ती वस्तू तू माझ्यासाठी दडवली होतीस. मी स्वतःच्या तोंडाने बोलेपर्यंत तू ती हातची सोडली नाहीस.

ताई, हे तू का केलंस ते मला कळत नाही. की थोडं कळतं आणि सहन होत नाही. पण एक बोलते. त्यात त्या मुलीची तीन वर्षं गेली. आपण दोघींनी एकमेकींशी जे काही केलं, ते तिच्या डोक्यावरून केलं. तू मला वाचवलंस तेव्हाही तिलाच थांबावं लागलं.

युरानी आली. मी वही उघडीच ठेवली होती. तिने पान पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसली.

मी विचारलं, ‘तुला ते सगळं आठवतं?’

‘१४ ऑक्टोबर. मंगळवार, दुपारी तीन.’

‘मग समितीला का नाही सांगितलंस?’

ती बराच वेळ वहीच्या कडा सरळ करत राहिली. म्हणाली, ‘तुम्ही फुलं ठेवायला आलात तेव्हा तुमचे हात कापत होते. मला वाटलं, बाईंना माहीत आहे. मग आणखी कोणाला कशाला सांगायचं?’

मग तीच पुन्हा बोलली, अगदी हळू. ‘पण त्या दिवशी प्रशिक्षणात तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मला भीती वाटली. वाटलं, मी खरंच आले होते की नव्हते? की तेही मला तसंच वाटतंय?’

ताई, तीस वर्षांत मी पुष्कळ ऐकलं आहे. त्या खोलीत लोक काय काय सांगून जातात. पण हे वाक्य मला पेललं नाही. मी तिला म्हटलं, तू आली होतीस. तांदूळ होते तुझ्या पाठीवर. बुटांना चिखल होता. गुरुवारची वेळ रिकामी होती आणि मी ती तुला दिली नाही.

तिने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, कारण ते भरले नव्हते. माझे भरले होते. आता मी काय करू, असं मी तिला विचारलं. वयाने माझ्या निम्म्याहून लहान मुलीला.

‘ते मी कसं सांगू, बाई. मला आकडे भरायचे आहेत,’ ती म्हणाली, आणि वह्या उचलून आईच्या खोलीत गेली. त्या पानाची प्रत काढू का, एवढं मी दाराबाहेरून विचारलं. काढा म्हणाली.

ओती


२६ नोव्हेंबर २०१७

ताई,

चौकशीचा नवा निकाल तुला अधिकृतपणे कळला आहे. त्यात नसलेलं सांगते.

त्या पानाची प्रत घेऊन मी कामार्गोंकडे गेले. तेच, समितीचे सचिव. आता अगदी वाकले आहेत. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘ओतिलियाबाई, फाइल बंद झाली. तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. कोणी विचारलंय का तुम्हाला?’ मी म्हटलं, विचारलं होतं, तीन वर्षांपूर्वी, तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. ते म्हणाले, घरी जा, रात्रभर विचार करा. मी म्हटलं, रात्री करूनच आले आहे. मग त्यांनी कागद पुढे सरकवला.

पाच आठवडे लागले. मला कक्षातून काढलं. काढलं म्हणत नाहीत, ‘कार्यमुक्त’ म्हणतात. पाटी मी स्वतः नेऊन दिली. शिपायाला ती कुठे ठेवायची कळेना, त्याने खुर्चीवर ठेवली. माझ्या खोलीत आता ती बोगोत्याची भाबडी मुलगी बसते. वर्षभर माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी बाजारात दिसली. मी हात केला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कांद्यांच्या ढिगाकडे वळली. तिचं बरोबर आहे. तिने मला जे सांगितलं ते मी कुठे कुठे खोडलं असेल, हे तिला कसं कळावं?

ब्लांकाकाकूंना आईचं सांगितलं. पूर्वी रविवारी येताना चीजचे गोळे घेऊन यायच्या, आता फक्त कुंपणावरून विचारपूस करतात.

तुझ्या निकालातला ‘सर्वस्वी’ शब्द गेला. अकरा आठवडे राहिले. ते राहायलाच हवेत, तुलाही तसंच वाटत असणार. आणि संपर्काची बंदी उठली. म्हणून युरानीला परीक्षकांत तुझं नाव सुचवता आलं. तिने ते मला न विचारता सुचवलं. मला यादी छापून आल्यावर कळलं.

शुक्रवारी तिच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मी सगळ्यात मागच्या रांगेत बसले होते. एवांहेलीनाबाई पहिल्या रांगेत, रुआना अंगावर, हातात पिशवी. चिलीहून पडद्यावर तू आलीस. केस पूर्ण पांढरे. मला ते माहीत नव्हतं.

युरानी चांगली बोलली. सुरुवातीला आवाज बारीक होता, मग लागला. गावाच्या तळ्यात येणारं तिसरा हिस्सा पाणी पावसाचं नसून धुक्याचं आहे, हे तिने दाखवलं तेव्हा पाणीपुरवठ्याचे लोक पुढे झुकून लिहून घेत होते. बाकीच्यांनी सोपे प्रश्न विचारले. सगळ्यांना तिचं माहीत होतं, सगळे जपून बोलत होते, जणू ती काचेची आहे. मग तुझी पाळी आली.

तू विचारलंस, ‘परिशिष्टात नऊ ते बारा ऑक्टोबर रकाने रिकामे आहेत. का?’

डॉ. फाहार्दो मधे पडायला उठले, तिने त्यांना हाताने थांबवलं.

‘मोजणारी आजारी होती,’ ती म्हणाली.

‘मग तसं लिहा. कारण न देता रकाना रिकामा सोडायचा नसतो.’ तू म्हणालीस. ‘आणि तिच्या मार्गदर्शिकेने ते वेळेत ओळखलं नाही, तेही खाली लिहा.’

‘लिहिते, डॉक्टर,’ ती म्हणाली. आणि हसली. ताई, ती आठ महिने माझ्या घरात होती, मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी तिला जपलं आणि तू तिला काम सांगितलंस. आमच्या कक्षात आम्ही हे कुठे शिकवतो, मला आठवेना.

ती काल गेली. बोगोत्यात पाणी खात्यात तिला जागा मिळाली आहे. जाताना आईचा पलंग झाडून, चादर घडी करून ठेवली. बसमध्ये चढताना मला मिठी मारली नाही. हात दिला आणि बराच वेळ धरून ठेवला. पत्र लिहीन म्हणाली. मुलं म्हणतात तसं. सकाळी मी दोन पेल्यांचं गुळाचं पाणी उकळलं आणि दोन्ही प्यायले.

शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. सगळं संपल्यावर लोक युरानीभोवती जमले. पडदा तसाच चालू होता. तू तंत्रज्ञाला म्हणालीस, ‘कॅमेरा जरा सभागृहाकडे वळवता का? कोण कोण आलंय ते बघू दे.’ त्याने वळवला. मी मागच्या रांगेत एकटीच होते. खाली बसून राहावं असं वाटलं. पण उठून उभी राहिले, तुला नीट दिसेन अशी.

तू चष्मा घातलास. बघितलंस. इतका वेळ हलली नाहीस की त्या तंत्रज्ञाला वाटलं, लाइन अडकली. तो म्हणाला, ‘चित्र थिजलंय बहुतेक, बंद करतो.’ मी त्याला म्हटलं, थांब, अडकलेलं नाही.

तुझ्या मागच्या खिडकीत पाऊस पडत होता, ताई. तू हलत नव्हतीस, आणि तो पडत होता.

ओती